स्कॉफ चाचणी: पाच प्रश्न, फुकट, पण निदान नव्हे

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, सामान म्हणजे कागद आणि पेन. बेळगावातलं वसतिगृह असो की खानापूर-निपाणीकडचा छोटा दवाखाना, खाण्याचे विकार हुडकायला 'स्कॉफ'इतकी सुटसुटीत चाळणी चाचणी क्वचितच मिळेल. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधल्या डॉक्टरांनी ती १९९९ मध्ये मांडली. उत्तरं फक्त हो किंवा नाही; दोन 'हो' आले की पुढची तपासणी करायची.

गाडी अडते ती मराठी करताना. पहिल्या इंग्रजी प्रश्नातल्या 'सिक'चा अर्थ उलटी; त्याचं 'आजारी' केलं की प्रश्नच मेला. 'पोट तट्ट भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का?' असं थेट विचारा. 'वन स्टोन' म्हणजे ६.३५ किलो, म्हणून 'तीन महिन्यांत सव्वासहा किलोंहून जास्त वजन उतरलं का?' ताबा सुटण्याच्या प्रश्नाला 'खायला बसलं की हात थांबत नाही, अशी धास्ती वाटते का?' हे लगेच कळतं. उरलेले दोन, म्हणजे लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटणं आणि खाण्याच्या विचाराने दिवस व्यापणं, मराठीत सरळ उतरतात. मुलगी कन्नड माध्यमात शिकली असेल तर कन्नडमध्येच विचारा. घरी मराठी बोलतात म्हणून कागदही मराठीच, हा हट्ट इथे कामाचा नाही.

ही चाचणी धोक्याची घंटा वाजवते, पण विकार कोणता ते सांगत नाही. ते पुढे आपणच काढायचं, आणि सुरुवात वजनकाट्यापासून. उंची १५८ सेंमी, वजन ४२ किलो, तर बीएमआय (किलो भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १६.८. जागतिक आरोग्य संघटनेची रोगसूची आयसीडी-११ प्रौढांसाठी १८.५ खालचं वजन कमी धरतं. असं वजन, खाणं तोडलेलं आणि वजन वाढू न देण्याचा अट्टहास, म्हणजे अ‍ॅनोरेक्सियाकडे बोट. त्यात उलट्याही चालू असल्या तरी तो बुलिमिया होत नाही. अ‍ॅनोरेक्सियाचाच बिंज-पर्ज (अधाशी खाऊन बाहेर काढणं) प्रकार ठरतो. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. वजन कमी नसेल, पण अधाशी खाणं आणि त्यावर उतारा म्हणून उलट्या, जुलाबाच्या गोळ्या, उपाशी राहणं किंवा अतोनात व्यायाम, हे दोन्ही तीन महिने आठवड्यातून किमान एकदा होत असेल, तर डीएसएम-५ या अमेरिकन मनोविकार निकषपुस्तिकेनुसार बुलिमिया. अधाशी खाणं तेवढंच, पण उतारा नाही, तर बिंज ईटिंग. 'अधाशी' म्हणजे पंगतीत आग्रहाने खाल्लेल्या चार पुरणपोळ्या नव्हेत. दोन तासांच्या आत, दार लावून, अर्धा किलो कुंदा फस्त करायचा आणि मध्ये थांबताच येऊ नये, ते.

आपल्याकडे उपवासाचा पडदा मोठा. सोमवार, संकष्टी, एकादशी हे काही विकार नव्हेत. अर्फिडच्या (अंगकाठीची चिंता नसताना अन्न टाळण्याच्या विकाराच्या) निकषांत तर रूढीने मान्य असलेलं अन्नवर्ज्य वगळलेलंच आहे. 'कोणता उपवास' यापेक्षा 'उपवास कसा सोडता' हे विचारा. बाकी घर साबुदाणा खिचडी खातं आणि ही फक्त पाणी पिते, मग पारण्यालाही काहीतरी सबब निघते, तर सावध व्हा. शिवाय भारतातले बरेच रुग्ण 'जाड होईन' असं म्हणतच नाहीत. पोट फुगतं, भूकच नाही, असं सांगतात. मग स्कॉफमधला जाडपणाचा प्रश्न 'नाही' येतो आणि चाळणीचं भोक मोठं होतं. डीएसएम-५ मात्र भीती बोलून दाखवलीच पाहिजे असं म्हणत नाही; वजन वाढू नये म्हणून सतत चाललेली वागणूकही चालते.

काय निसटतं? पाटीची पेन्सिल किंवा माती महिनाभर खाणारं मूल (पायका, आधी हिमोग्लोबिन बघा) आणि वास-चवीच्या किळसेने मोजकेच पदार्थ खाणारं, अंगकाठीची चिंताच नसलेलं मूल (अर्फिड). ९० वरून ६५ किलोवर झपाट्याने आलेली, तरी बीएमआय ठीक असलेली मुलगी वजनाच्या प्रश्नात सापडते, पण पुढे काट्यावर 'छान बारीक झालीस' म्हणून सुटते. ते अ‍ॅटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया असू शकतं. आणखी एक: मूळ चाचणी प्रौढ स्त्रियांवर तपासली होती, त्यामुळे नववीतल्या मुलाचा 'नाही' फार मनावर घेऊ नका.

चाचणीला माझे गुण: पाचपैकी साडेतीन. कागद वर्गात वाटून गोळा करू नका, शेजारीण बघते म्हणून सगळे 'नाही' लिहितात. एकेकीला बसवून विचारा. रोज उलट्या, भोवळ किंवा छातीत धडधड असेल तर 'हो' मोजत बसू नका, त्याच दिवशी रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या.