साडेचार लाख किलोमीटरची इनोव्हा
2011 ची इनोव्हा, 2.5 डिझेल. टुरिस्टची गाडी, चिपळूण-पुणे तिला पाठ. मीटर साडेचार लाखांवर, इंजिन अजून खोललेलं नाही. लोक म्हणतात टोयोटा आहे, चालणारच. अहो, तेल-पाणी कोण बघतो?

दर दहा हजार किलोमीटरला ऑइल-फिल्टर, त्यात उधारी नाही. डिझेल फिल्टरच्या तळातून साचलेलं पाणी काढायचं. दूषित डिझेलने इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, जातात. पण खरा जीव टायमिंग बेल्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह नि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्यात. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग पोरीच्या लग्नाएवढा खर्च! म्हणून डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागायच्या आधीच मी बदलतो, सोबत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही. मजुरी एकदाच लागते ना. कुंभार्ली घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोला मिनिटभर गार होऊ द्या. उतरताना गाडी गिअरवर धरा.

खटकतं ते हे: रिकामी असली की मागून उडते, क्लच जड, शहरात डिझेल पिते. पण सात माणसं नि टपावर आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढताना कुरकुरत नाही.

जुनी घेणार असाल तर मालकाकडे बेल्ट बदलल्याची पावती मागा. रंग-पॉलिश नंतर बघा.