कर्सर हलला की शब्द पकडला: हेलिक्स चार महिने वापरून

मी सबटायटलचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे संवाद आणि त्यांच्या डोक्यावर बसलेले वेळेचे आकडे, एवढाच माझा संसार. चार महिन्यांपूर्वी भाच्याने लॅपटॉपवर हेलिक्स टाकून दिलं आणि म्हणाला, "मावशी, आठ दिवस शिव्या देशील, मग सोडणार नाहीस." आठाचे वीस झाले. बाकी त्याचं खरं निघालं, थोडं.

हेलिक्स हा मजकूर लिहायचा-बदलायचा फुकट, ओपन सोर्स एडिटर. टर्मिनलच्या काळ्या चौकटीत चालतो, रस्ट भाषेत लिहिलाय. बाकीची वैशिष्ट्यं त्यांच्या पानावर वाचा. मी लिहिणार आहे एकाच गोष्टीबद्दल: कर्सर हलवला की सिलेक्शनचं काय होतं.

आपल्या नेहमीच्या एडिटरमध्ये नियम ठरलेला असतो. शिफ्ट धरून हललात तर निवड वाढते, शिफ्ट सोडून हललात तर सुटते. सुटताना डावा बाण दाबला तर कर्सर निवडीच्या डाव्या टोकाला थांबतो, उजवा दाबला तर उजव्या. एक अक्षरही पुढे-मागे नाही. ही बारीक गोष्ट किती मोलाची आहे ते मला एका जुन्या सबटायटल सॉफ्टवेअरने शिकवलं (नाव घेत नाही). त्यात शब्द निवडून डावा बाण दाबला की कर्सर होता तिथून एकच अक्षर मागे यायचा, म्हणजे निवडलेल्या शब्दाच्या मधोमध. वर्षभर मी शब्दांच्या पोटात स्वल्पविराम घालत होते.

हेलिक्समध्ये कळा आधी हुकूम असतात, अक्षरं उमटत नाहीत; लिहायला आय दाबायचं, परत हुकुमांवर यायला एस्केप. आणि इथे हलणं हीच निवड. डब्ल्यू दाबला की कर्सर पुढच्या शब्दाच्या तोंडाशी येतो आणि मधला तुकडा उजळून निघतो. मग डी दाबा, तो जातो. विम या जुन्या टर्मिनल एडिटरवाले याच्या उलट करतात: आधी डी, मग डब्ल्यू, म्हणजे 'पुसून टाक' आधी आणि 'शब्द' नंतर. हेलिक्सचा क्रम मराठी वाक्यासारखा आहे, कर्म आधी, क्रियापद शेवटी. ही कल्पना हेलिक्सची स्वतःची नाही, काकून नावाच्या आधीच्या एडिटरकडून घेतलेली आहे. पण मला तरी ती पहिल्या दिवशी पटली. हात मात्र ऐकेना.

का ऐकेना ते सांगते. ओळ होती 'आज गाडी सुटली'. मला 'आज'नंतर 'पहाटे' घालायचं होतं. डब्ल्यू दाबला, कर्सर 'आज'पुढच्या मोकळ्या जागेवर आला. आय दाबून टाइप केलं आणि झालं 'पहाटे आज गाडी सुटली'. कारण आय निवडीच्या आधी घालतो, कर्सर कुठेही दिसत असो. निवडीच्या नंतर घालायला ए. दुसऱ्या ओळीत 'आज'चं 'उद्या' करायचं म्हणून डब्ल्यू आणि सी (निवड पुसून तिथे लिहायला देणारी कळ) दाबलं, तर आलं 'उद्यागाडी सुटली'. डब्ल्यू शब्दापुढची मोकळी जागाही पकडतो, ती सी बरोबर घेऊन गेला. तिथे ई हवा, तो शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर थांबतो. गंमत म्हणजे विममध्ये सी डब्ल्यू ही जागा मुद्दाम सोडून देतो, नियमाला अपवाद करून. हेलिक्स अपवाद करत नाही. शिस्त म्हणून मान्य, पण माझ्या दहा-बारा ओळी त्या शिस्तीत चिकटल्या.

आता ज्यासाठी मी हे ठेवलंय ते. गिऱ्हाईक एसआरटी फाइल देतं आणि वेबव्हीटीटी मागतं, दोन्ही सबटायटल फाइलींचेच प्रकार. एसआरटीत सेकंदानंतर स्वल्पविराम असतो, वेबव्हीटीटीत टिंब. सगळे स्वल्पविराम सरसकट बदलले तर संवादांची वाट लागते. हेलिक्समध्ये टक्क्याचं चिन्ह दाबून सगळी फाइल निवडली, मग एस दाबून नमुना सांगितला: दोन आकडे, स्वल्पविराम, तीन आकडे. नमुना टाइप होता होताच जुळणाऱ्या जागा उजळत जातात. एका संवादातले '१०,००० रुपये'ही उजळले. तिथेच थांबले आणि नमुन्याच्या आधी कोलन जोडलं, वेळेत सेकंदांच्या आधी तो असतोच. रुपये विझले. एंटर. मग पुन्हा एस, या वेळी नुसता स्वल्पविराम, म्हणजे निवडीच्या आतली निवड. आर दाबून टिंब. नऊशे संवादांची फाइल, अठराशे टिंबं. वर पहिल्या ओळीत 'वेबव्हीटीटी' हा शब्द घातला की काम संपलं. काही बदलण्याआधी काय बदलणार ते डोळ्यांना दिसलं, माझ्यासाठी पैसे (नसलेले) इथेच वसूल.

यातही एकदा फसले, चूक माझीच. टिंबं झाल्यावर स्वल्पविरामाची कळ दाबून एकाच कर्सरवर यायचं असतं. विसरले. बाण दाबून एक ओळ खाली आले आणि 'अगं' लिहिलं. अठराशे कर्सर माझ्याबरोबर खाली आले होते. फाइलभर अगं अगं अगं. खालच्या पट्टीवर निवडींचा आकडा दिसत असतो, तो तेव्हापासून आधी बघते. यू दाबून सगळं परत आलं.

ज्यांना हे सगळं परग्रहावरचं वाटतंय त्यांनी वर्ड उघडून एफ-८ दाबून बघावं. बाबांच्या टायपिंग क्लासमध्ये ही कळ मला शिकवली होती. एकदा दाबली की शिफ्टशिवाय बाणांनी निवड वाढते, दोनदा दाबली की शब्द, तीनदा वाक्य, चारदा परिच्छेद, पाचदा सगळा मजकूर. एकदा दाबून मग पूर्णविराम टाइप केला तर पुढच्या पूर्णविरामापर्यंत निवड. सुटायला एस्केप. हेलिक्सचा व्ही जवळपास हेच करतो. म्हणजे आम्ही कोपरगावात हे आधीपासून करत होतो.

खरी तक्रार मराठीची. मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या ठरावीक कळपटावर, टाइप करते. मराठी कळपट चालू राहिला आणि डब्ल्यू दाबला तर एडिटरला मिळते ऐकाराची मात्रा, डी दाबला तर हलन्त. तो बिचारा काय करणार, गप्प बसतो. म्हणजे दर एस्केपनंतर भाषा बदला, लिहायला लागलात की पुन्हा बदला. विममध्ये फक्त टाइप करतानाच लागू होणारा कीमॅप, म्हणजे कोणत्या कळीला कोणतं अक्षर याची यादी, लावता येतो, इथे माझी बोटं जड झाली. त्यातून टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारखी चौकट देऊ पाहतं, आणि जोडाक्षरं-मात्रा चौकटीत बसत नाहीत, त्यामुळे उजळलेला तुकडा नेमका कुठे संपतो ते डोळ्यांना कळत नाही. ज्या एडिटरचा सगळा भरवसा 'आधी बघ, मग कर' यावर आहे त्यात हे मोठंच उणं.

लॅरी टेस्लर, कट-कॉपी-पेस्ट रुजवणाऱ्यांतला एक, एडिटरमध्ये मोडच नकोत म्हणायचा, म्हणजे तीच कळ कधी हुकूम, कधी अक्षर असं नको. गाडीच्या नंबरप्लेटवरही त्याने 'नो मोड्स' लिहिलं होतं. भाषा बदलता बदलता त्याची रोज आठवण येते.

पाचपैकी साडेतीन. वेळेचे आकडे, कोड, याद्या, सगळं हेलिक्समध्ये. संवाद मात्र साध्या खिडकीच्या एडिटरमध्ये, शिफ्ट धरून. शिकायला बसणार असाल तर टर्मिनलमध्ये एचएक्स, मग जागा सोडून दोन जोडरेघा आणि त्यांना चिकटून ट्यूटर असं इंग्रजीत लिहून उघडा, आणि कर्सर उजळवत फिरायची सवय नसेल तर अर्धविरामाची कळ आधी पाठ करा, ती निवड सोडते. माझ्या कीबोर्डवरची तेवढी एकच कळ गुळगुळीत झालीय.