पॉवरफुल 'सर्व्हायव्हल' गलोल: फ्रेमवर कमी, रबरावर जास्त खर्च करा

खोक्यावर 'सर्व्हायव्हल', 'हंटिंग', 'हाय पॉवर' असं जे काय छापलेलं असतं ते वाचून गलोल घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या तीन प्रकारच्या वापरून झाल्यात, मनगटाला टेकू असलेली नळीवाली, स्टीलच्या फ्रेमची चपट्या पट्टीची, आणि पॉलिमरची क्लिपवाली, गावी गुहागरकडं काजूच्या बागेत पण आणि ट्रेकला बॅगेतून पण. आणि माझं मत पक्कं झालंय की फ्रेम म्हणजे फक्त रबर बांधायची जागा, पॉवर सगळी रबरात. लोक दोन हजाराची फ्रेम घेतात, तिला कधीचं जुनं रबर लावून फिरतात आणि मग म्हणतात ऑनलाइन सगळे फसवतात.

टेकूवाली आधी घेऊ, कारण सर्च केलं की पहिली तीच येते. दिसायला एकदम दणकट, पिवळ्या जाड नळ्या, हातात धरली की वाटतं आता काय खरं नाही कुणाचं. टेकूचा उपयोग आहे, जाड नळी ओढताना मनगट मागं मोडत नाही, पण जाड नळी म्हणजे जास्त वेग हे गणितच चुकीचं आहे. नळीला स्वतःचं वजन असतं आणि सोडल्यावर तिची बरीच ताकद स्वतःलाच पुढं न्यायला खर्च होते, त्यामुळं हलका छर्रा टाकून कितीही जोर लावून ओढलं तरी तो एका मर्यादेपुढं जोरात जात नाही. जड वजन फेकायचं असेल तर मात्र हीच कामाची, त्याबद्दल पुढं लिहितो. माझ्यावालीची नळी एका पावसाळ्यात दांड्यावर चढवतात बरोबर तिथं चिरली, सोबत आलेली स्पेअर नळी बघितली तर ती पिशवीतच चिकट होऊन बसलेली, आणि विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं रिटर्नची मुदत संपली. असो.

फ्रेमबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगेन, त्या साप, गरुड, ड्रॅगन कोरलेल्या चकचकीत ओतीव धातूच्या फ्रेम घेऊ नका. स्वस्त ओतकामात आत हवेचे बुडबुडे राहिलेले असू शकतात, वरून पॉलिश असल्यानं कळत नाही, आणि असा धातू तुटायच्या आधी वाकत नाही, कडकन तुटतो. त्या वेळी रबर पूर्ण ताणलेलं असतं आणि तुटलेला फाटा ते सरळ तुमच्या तोंडाकडं घेऊन येतं. स्टीलच्या पत्र्यातून कापलेली, चांगल्या पॉलिमरची, नाहीतर जाड प्लायची, यातली कुठलीही चालेल. फाटे बुटके आणि मधलं अंतर जरा ऐसपैस असलं की मनगटावर पीळ कमी येतो, नवख्या माणसाचा छर्रा फाट्यावर आपटायची शक्यता पण कमी. लेझर, पाणसळीचा बुडबुडा, टॉर्च हे सगळं खेळणं आहे, पैसे वाचवा. क्लिपवाल्या फ्रेमचा एक खरा फायदा म्हणजे रानात पट्टी तुटली तर दोन मिनिटांत दुसरी लागते, बांधाबांध नाही, फक्त क्लिपचा स्क्रू अधूनमधून आवळून बघा, धक्क्यांनी तो हळूहळू सैल होतो.

आणि घरचं बेचकं? पेरूची किंवा चिंचेची चांगली फांदी सावलीत सावकाश वाळवलेली असेल तर बाजारातल्या निम्म्या मालापेक्षा ती बरी. घोळ रबराचा होतो. लहानपणी आपण सायकलची ट्यूब कापून लावायचो, पण आताच्या काळ्या ट्यूब बहुतेक ब्युटाइल रबराच्या, हवा धरायला भारी, ताणून सोडल्यावर मात्र रमतगमत परत येतात. गलोलीला नैसर्गिक लॅटेक्सच पाहिजे. सलाइनची नळी लावतात काही जण, ती तर प्लास्टिकची, तिला ताणच नसतो.

चपटी पट्टी की नळी यावर लोक भांडत बसतात. माझं म्हणणं सोपं आहे, वेग आणि हलकी ओढ पाहिजे तर चपटी पट्टी, टिकाऊपणा पाहिजे आणि बॅगेत टाकून विसरायची असेल तर बारीक नळी. बारीक नळ्यांवर १७४५, २०४० असे नंबर असतात, त्याचा अर्थ आतला व्यास १.७ मिमी बाहेरचा ४.५, किंवा आतला २ बाहेरचा ४, एवढं कळलं की दुकानदार काय विकतोय ते समजतं. पट्टीसाठी मी फिजिओथेरपीचं सामान मिळतं तिथून थेराबँडचं सोनेरी रबर आणतो, व्यायामाचंच रबर आहे ते, पण लॅटेक्सचंच बघून घ्या, लॅटेक्स नसलेलं पण मिळतं आणि त्यात ती चपळाई नाही.

कापायचं माप असं. छर्ऱ्याची पिशवी, म्हणजे छर्रा धरायचा चामड्याचा तुकडा, गालाच्या हाडापर्यंत ओढून फाट्यापासून तिथवरचं अंतर कुणाकडून तरी टेपनं मोजून घ्या, माझं साधारण ८५ सेंमी येतं. त्याला पाचनं भागा, म्हणजे १७ सेंमी, ही झाली फाटा ते पिशवी मोकळी पट्टी, दोन्हीकडं बांधायला दोन-अडीच सेंमी जास्तीचं. जास्त पॉवरसाठी लोक हीच लांबी कमी करतात, म्हणजे सहापट ताणतात, वेग वाढतो हे खरं, पण पट्टी लवकर जाते. फाट्याकडं २५ मिमी रुंद आणि पिशवीकडं १५ मिमी असं निमुळतं कापलं की ९.५ मिमीचा स्टीलचा छर्रा मस्त जातो. ८ मिमीला २० वरून १२ पुरतं. कात्रीनं कापू नका, प्लीज. कात्री जिथं थांबते आणि परत चालू होते तिथं कडेला बारीक खाच राहते, डोळ्याला दिसत नाही आणि पट्टी बरोबर तिथूनच फाटते. चाकाचं कटर, स्टीलची पट्टी, खाली कटिंग मॅट, आणि एका दमात कट.

छर्ऱ्यांचं बोलायचं तर सायकलवाल्याकडचे पाव इंची छर्रे फार हलके, एक ग्रॅमच्या आसपास, त्यावर ही पट्टी लावली तर ताकद फुकट जाऊन पट्टीच परत येऊन बोटांवर बसते. बेअरिंगच्या दुकानात सुटे बॉल मिळतात, ८ मिमीचा साधारण २ ग्रॅम, ९.५ चा साडेतीन, १२.७ चा आठ ग्रॅमच्या वर. म्हणजे व्यास थोडा वाढला की वजन भसकन वाढतं, आणि वजन वाढलं की पट्टी पण रुंद लागते, हे दोन्ही जोडीनंच बदलायचं. गोट्या स्वस्त आणि १६ मिमीची गोटी पाच ग्रॅमच्या वर भरते, पण दगडावर फुटून काचा पडतात, गुरं फिरतात तिथं नको. बागेत मी मातीचे वाळवलेले गोळेच वापरतो, फुटले की मातीत माती. दगडगोटा म्हणजे शेवटचा पर्याय, वेडावाकडा जातो आणि पिशवीचं चामडं कापतो.

आता निगा, कारण आपल्याकडच्या हवेत लॅटेक्सचे हाल होतात. ऊन, उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल, चारही गोष्टी त्याच्या मुळावर. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली पट्टी एका उन्हाळ्यात कामातून जाते. मी पट्ट्या काढून, टाल्कम पावडर चोळून, झिपच्या पिशवीत घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात अंधारात ठेवतो. कोकणातली खरी गंमत छर्ऱ्यांची आहे, पावसाळ्यात ते गंजतात, गंजू नये म्हणून माणूस खोबरेल लावतो, तेच तेल पिशवीला लागतं, पिशवीवरून पट्टीला आणि पट्टी मऊ पडून चिकटायला लागते. छर्रे कोरड्या फडक्यानं पुसून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, तेल नको. हाताला सनस्क्रीन असेल तर ते पण पुसा.

प्रत्येक वेळी सुरू करायच्या आधी पट्टी थोडी ताणून उजेडासमोर धरायची आणि कडा बघायच्या, विशेषतः पिशवीला बांधलंय तिथला बोटभर भाग. तिथं बारीक दाते पडल्यासारखे दिसले की बदलायची, अजून थोडी चालेल असं म्हणायचं नाही. चांगली बांधलेली पट्टी पिशवीकडंच तुटते आणि ते परवडतं, कारण तुटलेला तुकडा तुमच्यापासून लांब फाट्याकडं जातो. फाट्याकडं तुटली तर मोकळं टोक थेट चेहऱ्यावर येतं. म्हणून फाट्याच्या कडा धारदार असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासून गोल करा, आणि डोळ्याला प्लास्टिकचा सेफ्टी चष्मा लावा, वेल्डिंगवाल्याकडचा काळा नाही, साधा पारदर्शक, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पिशवी रिकामी ओढून सोडायची नाही हे सांगायला नकोच.

बरं, 'सर्व्हायव्हल'चं काय? आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात नुसता प्रयत्न पण शिकारीतच धरतात. शिवाय अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही ट्रेकर लोकांची निम्मी आवडती ठिकाणं अभयारण्यातच येतात. वनरक्षकानं बॅगेत गलोल बघितली तर तो खोक्यावरचं 'कॅम्पिंग' वाचत बसणार नाही. तेव्हा तिथं जाताना घरीच ठेवायची. आणि तसंही सह्याद्रीत वाट चुकलेल्या माणसाचा जीव पाण्यानं आणि वेळेवर गेलेल्या फोननं वाचतो, पाखरू मारून नाही.

पण एक काम आहे ज्यात गलोलीला तोड नाही, उंच फांदीवरून दोरी टाकणं. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेनं स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवणारे, तारेचा अँटेना झाडावर चढवायला हेच करतात. इथं ती जाड नळीची टेकूवाली बाहेर काढायची. गळाला लावतात ते शिशाचं वजन, २५-३० ग्रॅमचं, त्याला मासेमारीची बारीक विणलेली दोरी बांधायची. ही दोरी रिळावरून सुटली पाहिजे बिनअडथळा, नाहीतर एका बादलीत नुसती सैल घालत जायची, वेटोळं करून गाठ मारलेलं बंडल अजिबात नको, कारण मधे अडकलं की वजन झटका खाऊन माघारी येतं. ओढ अर्धीच, नेम फांदीच्या बराच वर, आणि पलीकडं कुणी उभं नाही ना ते बघून. वजन पलीकडं खाली आलं की ते सोडवायचं, तिथं सुतळी बांधून मागं ओढायची, मग सुतळीला खरी दोरी. सुरुवातीला वजन फांदीला गुंडाळून बसेल, ते ओढून काढायला जाऊ नका, रबरासारखं सुटून अंगावर येतं, दोरी कापा आणि शिशावर पाणी सोडा. एकदा जमलं की ताडपत्री टांगा, जेवणाची पिशवी माकडांपासून लांब टांगा.

माकडांवरून आठवलं. बागेत वानर, माकडं येतात म्हणून गलोल घेणारे आमच्याकडं खूप आहेत, नुकसान खरं आहे आणि राग पण खरा आहे, तरी अंगावर छर्रा मारायचा नाही, कायद्यानं पण नाही आणि ९.५ मिमीचा स्टीलचा बॉल लागला तर डोळा जातो किंवा हाड मोडतं. मी काय करतो, कडेच्या दोन-तीन काजूंना तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे टांगलेत, टोळी आली की मातीचा गोळा डब्यावर. असा ठण्ण आवाज येतो की पहिल्या दिवशी सगळी टोळी कुंपणापलीकडं. महिनाभरात सरावतात म्हणा, तेव्हा डब्यांच्या जागा बदलाव्या लागतात.

सरावाला पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, आत जुनी चादर दुमडून वरून लोंबती सोडा, छर्रा चादरीत अडकून खाली पडतो, परत वापरता येतो. दहा मीटरवरून सुरुवात करा. जांभ्याच्या गडग्यासमोर (दगडी कुंपणासमोर) किंवा कातळावर स्टील मारू नका, उसळून कुठं जाईल सांगता येत नाही. गावठाणात, रस्त्याच्या दिशेनं, पोरं खेळतात तिकडं तोंड करून तर नाहीच.

तर तिघींपैकी मी कुणाला घ्या म्हणेन? एकच घ्यायची तर पॉलिमरची क्लिपवाली, तिच्यासोबत थोडं चांगलं रबर आणि ९.५ चे शंभरेक बॉल. दोरी टाकायचं काम असेल तर वेगळी नळीवाली, ती स्वस्तातली पण चालते, नळी मात्र नवी बदलून. आणि रबर मागवताना ऑफर दिसली म्हणून वर्षाचा साठा करू नका, लॅटेक्स बंद पाकिटात पण जुनं होतं, एका मोसमाला पुरेल एवढंच मागवा आणि पाकिटावर तारीख लिहून ठेवा.