चाळीस दिवसांचा तक्ता: उपवासकाळासाठी घ्यावा का?

ख्रिस्ती उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) जवळ आला की वसईकडे चर्चच्या दारात मिळणारा हा छापील तक्ता. किंमत वीस रुपये, कागद जाड, फ्रीजवर चिकटवण्याजोगा. डावीकडे तारखा, पुढे चार रकाने: मिस्सा (चर्चमधली उपासना), रोझरी (जपमाळेची प्रार्थना), उपवास, दान. जमलं की खूण करायची.

दिवसांचा हिशेब चोख आहे. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस (२०२६ साली १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल), त्यातून सहा रविवार वजा केले की चाळीस. रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणून त्या दिवशी उपवास नाही आणि तक्त्यात खणही नाही. पण त्यामुळे मिस्साच्या रकान्यातून नेमका बंधनकारक दिवसच गळलाय.

खरा घोळ उपवासाच्या रकान्यात आहे. तिथे चाळीसही दिवस खण छापलेत. कॅथलिक चर्चच्या कायद्याने सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). तेही १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. इथे साबुदाण्याची खिचडी आणि भगर डोक्यातून काढावी लागते, कारण हा उपवास पदार्थ बदलण्याचा नाही, कमी खाण्याचा आहे. मांस वर्ज्य करणं हा निराळा नियम, १४ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी, या दोन दिवशी आणि दर शुक्रवारी. तक्ता दोन्ही एकाच खणात कोंबतो. मग इन्सुलिन घेणारी आजी रिकाम्या खणांकडे बघून झुरते. आजाऱ्याला उपवासातून सूट आहे, हे तक्त्यावर कुठेच नाही.

आता मासळी. ती वर्ज्य नाही. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या कोळी घरात शुक्रवारी कोंबडीऐवजी पापलेट तळलं तरी खूण बरोबरच पडते. नियम पाळला, सोडलं मात्र काहीच नाही. ज्याच्या ताटात मासळी रोजची, त्याने शुक्रवारी मासळीच सोडावी. हे कुठला नियम सांगणार नाही. देवावर जीव असेल तर आपसूक सुचेल.

फ्रीजवर तर हा तक्ता लावूच नये. राखेच्या बुधवारी वाचतात ते बायबलमधलं शुभवर्तमान मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं: उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, दान डाव्या हातालाही कळू देऊ नका. आणि त्याच संध्याकाळी घरादाराला दिसेल असा तक्ता टांगायचा? लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या परुश्याचे (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाचे) सगळे खण भरलेले होते, आठवड्यातून दोन उपवास आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा. नीतिमान ठरून घरी गेला तो स्वतःला पापी म्हणत छाती बडवणारा जकातदार.

तरीही तक्ता टाकाऊ नाही. कृतीवाचून विश्वास निर्जीव, असं बायबलमधलं याकोबाचं पत्र बजावतं, आणि मुलांना रोजच्या प्रार्थनेचं वळण लागायला खूण उपयोगी पडते. मोठ्यांनी तो बायबलमध्ये ठेवावा. दोन खण रिकामे राहिले म्हणून उरलेला काळ सोडू नये. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावं. दानाच्या रकान्यात खुणेऐवजी न घेतलेल्या पापलेटाची रक्कम लिहावी आणि ती कोणाला द्यायची त्याचं नाव. खण नखाएवढे आहेत, त्यात नाव मावत नाही. मागची बाजू कोरी आहे, तिथे लिहावं.