परजीवींवरच्या लशीत कुठला ॲडज्युव्हंट टेस्ट करायचा: ॲलम, इमल्शन की सॅपोनिन?

अँटिजेन (परजीवीचा जो भाग शरीराला ओळखायला शिकवायचा तो) तयार आहे आणि उंदरांवर ट्रायल लावायच्या आधी ॲडज्युव्हंटपाशी, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणाऱ्या जोडपदार्थापाशी, गाडी अडलीय, तर पहिलं हे बघा की तुमचा परजीवी शरीरात राहतो कुठे. लिशमॅनिया (काळा आजाराचा परजीवी) मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या, आतच घर करतो, तिथे नुसत्या अँटीबॉडी वाढवून काही होत नाही, टीएच1 (पेशींच्या आतल्या जंतूंना मारायला लावणारा प्रतिसाद) आणि त्यातला इंटरफेरॉन गॅमा हा संदेश-रेणू लागतो. हुकवर्म (आकडेकृमी) पेशीबाहेर, आतड्यात रक्त पीत बसतो, तिथे अँटीबॉडीवर भिस्त ठेवता येते.

ॲलम (ॲल्युमिनियमचे क्षार) स्वस्त, 1920च्या दशकापासून माहितीतला, सेफ्टीचा प्रश्न नाही. पण कल टीएच2 कडे, म्हणजे अँटीबॉडी वाढवणाऱ्या प्रतिसादाकडे, म्हणून हुकवर्मला चालेल, लिशमॅनियाला एकटा नको. प्रोटीन त्याला चिकटलंय का हे सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवात किती उरलंय ते मोजून बघा, आणि चुकूनही गोठवू नका, वाया जातो.

जीएलए-एसई म्हणजे स्क्वालीन या तेलाच्या पाण्यातल्या इमल्शनमध्ये टीएलआर4 ला (जंतू ओळखणाऱ्या पेशींवरच्या रिसेप्टरला) डिवचणारा रेणू, टीएच1 हवा असेल तर माझं पहिलं मत यालाच. फ्रॉइंडचं कम्प्लीट (तेलात मारलेले जंतू घातलेलं जुनं ॲडज्युव्हंट) जोरदार असतं हो, पण गाठी येतात, माणसात देता येत नाही, मग त्यावर आलेल्या छान रिझल्टचं पुढे करायचं काय?

सॅपोनिन (झाडाच्या सालीतून मिळणारा साबणासारखा पदार्थ) वाल्यांचं मलेरियातलं उदाहरण सगळ्यात बोलकं. 1997 मध्ये आरटीएस,एस हा मलेरियाचा एकच अँटिजेन तीन फॉर्म्युल्यांत देऊन व्हॉलंटियर्सना मलेरियाचे डास चावू दिले. ॲलम अधिक एमपीएलमध्ये (हाही टीएलआर4 ला डिवचणारा रेणू) 8 पैकी 1 वाचला, साध्या इमल्शनमध्ये 7 पैकी 2, आणि इमल्शनमध्ये एमपीएल, क्यूएस-21 (हा सॅपोनिन) दोन्ही घातल्यावर 7 पैकी 6! ग्रुप चिमुकले होते हे खरं, पण फरक ॲडज्युव्हंटचाच. क्यूएस-21 एकटा रक्तपेशी फोडतो, म्हणून एएस01 या ॲडज्युव्हंटमध्ये तो कोलेस्टेरॉलवाल्या लिपोसोममध्ये (चरबीच्या बारीक पिशव्यांत) घालतात. 2023 मध्ये डब्ल्यूएचओने शिफारस केलेल्या आर21 या मलेरियाच्या लशीतला मॅट्रिक्स-एम ॲडज्युव्हंटही सॅपोनिनचाच.

सीपीजी (जंतूंच्या डीएनएची नक्कल करणारा ॲडज्युव्हंट) उंदरात भारी दिसतो, पण तो ज्याला डिवचतो तो टीएलआर9 रिसेप्टर उंदरांच्या जितक्या प्रकारच्या पेशींत असतो तितका माणसांत नाही, त्यामुळे हुरळून जाऊ नका.

काहीही निवडा, अँटिजेनशिवाय नुसता ॲडज्युव्हंट दिलेला ग्रुप ठेवाच, कारण तो एकटाही थोडंफार संरक्षण देऊन जातो आणि क्रेडिट अँटिजेनला मिळतं. टीएच1 ची खूण म्हणून अँटीबॉडीचा प्रकार मोजताना, सी57बीएल/6 जातीचे उंदीर असतील तर आयजीजी2सी मोजा, आयजीजी2ए चा जीनच त्यांच्यात नसतो.