सुपर चॅट, मेंबरशिप आणि टी-शर्ट: गोव्यातल्या छोट्या चॅनेलला काय परवडतं

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, घुमट आरत्या, जत्रेतली नाटकं, शिगम्याचे मेळ थेट दाखवणाऱ्या मराठी चॅनेलांचा प्रेक्षक थोडा, पण जीव लावणारा. अशा चॅनेलला जाहिरातींपेक्षा यूट्यूबची चाहत्यांकडून पैसे घेण्याची सोय जास्त उपयोगी, आणि ती मिळतेही लवकर: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास पाहणी. जाहिरातींच्या वाट्याला १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास लागतात. लाइव्ह संपल्यावर व्हिडिओ खासगी केला, तर त्याचे तास धरले जात नाहीत. बरीच मंडळं इथेच मागे पडतात.

सुपर चॅट म्हणजे लाइव्ह चालू असताना चाहत्याने पैसे भरून चॅटमध्ये पाठवलेला संदेश. त्यात कर वजा जाता ७० टक्के चॅनेलचे. १८ टक्के जीएसटी धरला तर १०० रुपयांतले साधारण ५९ हाती येतात. आयफोनच्या ॲपमधून पाठवलेल्या रकमेतून ॲपलचा आकारही जातो, म्हणून चाहत्यांना ब्राउझर वापरायला सांगावं. व्हिडिओ 'मुलांसाठी' म्हणून नोंदवला किंवा चॅट बंद ठेवलं, तर सुपर चॅटचं बटणच दिसत नाही. मांडवातल्या कर्ण्यावर रेकॉर्ड केलेलं गाणं लागलं की कॉपीराइटच्या दाव्याने प्रक्षेपण मध्येच अडू शकतं; ध्वनी मिक्सरमधून थेट घ्यावा आणि मध्यंतरात म्यूट करावा.

मेंबरशिपची रक्कम लहान, पण दर महिन्याची. २९ रुपयांचे १०० सभासद असले तर वरच्याच हिशेबाने १,७०० च्या आसपास सुटतात. चवथीपुरत्या जागणाऱ्या चॅनेलने मात्र ती सुरू करू नये. सुन्या महिन्यांचे पैसे घेणं चाहत्यांवर अन्याय आहे.

पैसे बँकेत येण्याआधी दोन अडचणी. कमाई १० डॉलरवर गेली की ॲडसेन्सचा, म्हणजे यूट्यूबचे पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेचा, पत्ता तपासण्याचा पिन टपालाने येतो. पत्त्यात घर क्रमांक, वाडा, गाव आणि पिनकोड पोस्टमनला कळेल असाच लिहावा, नाहीतर पत्र परत जातं आणि पैसे अडकतात. दुसरी अडचण अमेरिकेच्या कराची. ॲडसेन्समधला कराचा फॉर्म भरून भारताच्या कर-कराराचा लाभ मागितला तर फक्त अमेरिकी प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के कापतात. फॉर्मच दिला नाही तर सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. प्रत्यक्ष पैसे १०० डॉलर साठल्यावरच निघतात.

थेट यूपीआयने देणगी घेतली तर कमिशन जात नाही. पण मोबाइल नंबरचाच यूपीआय आयडी पडद्यावर दाखवू नये, वेगळा बनवावा. स्क्रीनशॉटवर विसंबून नाव वाचू नये, आधी खात्यात पैसे पाहावेत.

आता टी-शर्ट. मागणीनुसार एकेक नग छापून पाठवणाऱ्या ऑनलाइन सेवेत माल पडून राहत नाही, हा खरा फायदा. पण नगामागचा दर आणि कुरिअर मिळून नफा बारीक होतो, आणि कॅश ऑन डिलिव्हरीत परत आलेल्या एका पार्सलचा खर्च दोन-तीन नगांची कमाई खातो. नमुना मागवून, पाच धुण्या देऊन मगच विक्री उघडावी. गडद कापडावरच्या थेट डिजिटल छपाईला आधी प्रक्रिया आणि खाली पांढरा थर लागतो; तिथे हयगय झाली की रंग उतरतो.

छोट्या चॅनेलसाठी आमची पसंती वेगळी: आगाऊ पैसे घेऊन ऑर्डर जमवावी आणि म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या स्क्रीन प्रिंटरकडे एकदम ३०-४० नग टाकावेत. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, म्हणून डिझाइन एक-दोन रंगांतच बसवावं. १२ बाय १६ इंचांसाठी फाइल ३,६०० बाय ४,८०० पिक्सेलची, पार्श्वभूमी पारदर्शक. कापड १८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) सुती. २४० चं पावसाळ्यात गोव्यात वाळत नाही. स्क्रीन छपाईची प्लास्टिसोल शाई १६० अंशांच्या आसपास नीट भाजली नाही तर धुण्यात भेगा पडतात. छाती आणि लांबी इंचांत लिहूनच साइझ विचारावी. चवथीसाठी ऑर्डर दीड महिना आधी बंद करावी, कारण त्या दिवसांत मंडळांचे टी-शर्ट छापण्याची सगळीकडे घाई असते.

शिवाय गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून सावंतवाडीला टी-शर्ट विकला की ती आंतरराज्य विक्री ठरते. उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर विक्री गोव्यापुरतीच ठेवावी आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारादिवशी हातोहात वाटप करावं. कुरिअरही वाचतं.