नेपाळ की कुमाऊं? डोंगर, देवळं आणि जंगल एकाच सहलीत हवं असेल तर

हिमशिखरं, जुनी देवळं आणि जंगल सफारी, तिन्ही एकाच सहलीत हवं म्हटलं की टूर कंपन्यांच्या पत्रकांत बहुतेक दोन नावं समोर येतात: नेपाळमधलं काठमांडू–चितवन–पोखरा किंवा उत्तराखंडातल्या कुमाऊंमधलं नैनिताल–कौसानी–कॉर्बेट. या दोन्ही सहली मी केल्या आहेत, दोन्ही वेळा कंपनीबरोबर, आणि दोन्ही वेळा आई सोबत होती. तिची पंचाहत्तरी उलटलेली आणि गुडघे दुखरे. त्यामुळे माझं मत बरंचसं तिच्या पायांनी आणि तिच्या उत्साहाने ठरलेलं आहे, हे आधीच सांगतो. हॉटेलं, जेवण, किती रात्री कुठे, हे सगळं पत्रकात असतं. जे तिथे छापलेलं नसतं त्याबद्दल लिहितो.

डोंगरांच्या बाबतीत कुणाला कमी-जास्त म्हणावं हा प्रश्नच आहे. कौसानीला तुम्ही एका धारेवर उभे असता, खाली बैजनाथ-गरुडचं हिरवं खोरं आणि समोर त्रिशूल, नंदादेवी, पंचचुली अशी रांगच्या रांग. १९२९ साली गांधीजी इथे राहिले होते. त्या अनासक्ती आश्रमाच्या अंगणातूनच ही रांग दिसते, आईला एक पायरीही जास्तीची चढावी लागली नाही. पोखऱ्याची गोष्ट वेगळी. ते गाव जेमतेम आठशे मीटर उंचीवर, आणि समोरचं माछापुच्छ्रे शिखर ६,९९३ मीटर. मध्ये फारसं काही नाही, त्यामुळे बर्फ एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं. कौसानीचा देखावा रुंद, पोखऱ्याचा जवळचा. मला जवळचा जास्त भावला, पण माझी पत्नी अजूनही कौसानीचीच बाजू घेते.

महिना मात्र नीट बघा. एप्रिल-मे महिन्यांत दोन्हीकडे वणव्यांचा धूर आणि धुरकं असतं. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत गेलेले आमचे शेजारी पोखऱ्याहून एकही शिखर न बघता परत आले. दिवाळीच्या आगेमागे हवा स्वच्छ असते.

देवळांत कुमाऊंकडे एक हुकमी पान आहे: जागेश्वर. देवदारांच्या दाट बनात, जटागंगेच्या काठी, दगडी शिखरांची सव्वाशेच्या आसपास लहानमोठी देवळं, साधारण सातव्या ते बाराव्या शतकांतली. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातल्या ‘नागेशं दारुकावने’ मधलं दारुकावन ते हेच, असं तिथले पुजारी सांगतात. आमचं मूळ गाव औंढा नागनाथच्या पट्ट्यातलं, त्यामुळे आईने ते ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, ‘‘आमचा नागनाथ आमच्याकडे आहे, पण तुमचाही देवच आहे.’’ द्वारकेजवळचे नागेश्वरवालेही हाच हक्क सांगतात. तो वाद बाजूला ठेवला तरी जागेश्वरसारखी जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

अडचण एवढीच, की बहुतेक सहलींत नैनितालला दोन रात्री असतात आणि जागेश्वरला जेमतेम तास-दीड तास. काही सहलींत तर ते नसतंच. अल्मोड्याजवळचं कटारमलचं सूर्यमंदिर तर आमच्या कार्यक्रमात नव्हतंच. मुख्य देवळाभोवती छोट्या देवळ्यांचा घोळका असलेली ही कत्युरी राजांच्या काळातली वास्तू. तिचा कोरीव लाकडी दरवाजा आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. थोडा चढ चालावा लागतो म्हणून गटाला नेत नाहीत, असं टूर मॅनेजरने सांगितलं. मोठ्या गटाचा विचार केला तर त्याचंही चुकीचं नव्हतं.

नेपाळमध्ये देवळं वाट वाकडी करून बघावी लागत नाहीत, कारण काठमांडूचं खोरं म्हणजेच देवळं. पशुपतिनाथाला सकाळी लवकर गेलात तर रांग सोसवते. चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात आणि आत फोटो काढू देत नाहीत. गाभाऱ्यातले मुख्य पुजारी कर्नाटकातून आलेले भट्ट असतात. पाटणच्या चौकात १६३७ सालचं दगडी कृष्ण मंदिर आहे, त्यावर महाभारत-रामायणाचे प्रसंग ओळीने कोरलेले आहेत. आईने एकेक प्रसंग ओळखत, मुलीला सांगत पूर्ण फेरी मारली.

पण माझ्या मनात घर केलं ते भक्तपूरच्या न्यातापोलने. १७०२ सालचं हे पाच छपरांचं देऊळ, तेही उंच पाच टप्प्यांच्या जोत्यावर. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना राखणदारांच्या जोड्या आहेत: तळाला दोन मल्ल, वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, आणि सगळ्यात वर दोन देवी. मल्ल सामान्य माणसाच्या दहापट बलवान आणि पुढची प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दहापट, असा तिथला समज आहे. १९३४ चा आणि २०१५ चा, दोन्ही भूकंप या देवळाने सोसले. शेजारची कितीतरी देवळं कोसळली. ती आता पुन्हा उभी राहत आहेत आणि लाकडावर कोरीवकाम करणारे कारागीर तुमच्यासमोर काम करताना दिसतात. पायऱ्या खड्या आहेत. आई खालच्या ओट्यावर बसून राहिली, आणि तिथून तिला चौक, कुंभार, दही विकणाऱ्या बायका असं सगळं भक्तपूर दिसलं. मडक्यातलं ते दही, जुजु धौ, सोडू नका.

एकांत हवा असेल तर जागेश्वर, भरलेलं नांदतं गाव हवं असेल तर भक्तपूर. इथपर्यंत मी दोन्ही पारडी सारखीच धरली असती.

माझा निर्णय ठरला तो जंगलात, आणि तोही प्राण्यामुळे नाही, कागदामुळे.

कॉर्बेट म्हणजे भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९३६ सालचं. व्याघ्र प्रकल्प १९७३ साली इथूनच सुरू झाला, आणि २०२२ च्या गणनेत देशातल्या कुठल्याही व्याघ्र प्रकल्पापेक्षा जास्त, २६० वाघ इथे मोजले गेले. हे सगळं खरं. पण कॉर्बेट म्हणजे एक जंगल नाही. ढिकाला, बिजरानी, झिरना, ढेला, दुर्गादेवी असे वेगवेगळे झोन आहेत, प्रत्येकाचं फाटक वेगळं आणि प्रत्येकाला जिप्सींची, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपगाड्यांची, मर्यादा ठरलेली. परवाना तुमच्या नावावर, ओळखपत्राच्या नंबरासकट निघतो. एकदा निघाला की झोन बदलत नाही आणि दुसऱ्याला देता येत नाही. जंगलाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. चाळीस माणसांच्या गटासाठी मात्र एकाच झोनचे, एकाच वेळेचे परवाने मिळणं अवघड.

आमच्या पत्रकात फक्त एवढंच होतं: ‘कॉर्बेट जंगल सफारी समाविष्ट’. रामनगरच्या हॉटेलात रात्रीच्या जेवणानंतर टूर मॅनेजर चिठ्ठ्या घेऊन उभा राहिला आणि नावं वाचू लागला. काही कुटुंबं बिजरानीला, काही झिरनाला, आणि आम्ही सीताबनीला. सीताबनी हे व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरचं, रामनगर वनविभागातलं जंगल. जंगल वाईट नाही: आत सीतेचं जुनं देऊळ आहे, सालाची उंच झाडं आहेत, पक्षी भरपूर. पण आम्ही ज्यासाठी इतके लांब आलो होतो ते हे नव्हतं, आणि हे पैसे भरताना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बिजरानीची मंडळी फोनवर हत्तींचा कळप दाखवत होती. आईने सगळे फोटो बघितले आणि मला हळूच विचारलं, ‘‘मग आपण कुठे गेलो होतो?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आजही टोचतं.

कॉर्बेटचं खरं वैभव म्हणजे ढिकाला: रामगंगेचं पात्र, गवताची विस्तीर्ण मैदानं, हत्ती. पण तिथे गटसहलीचा शिरकाव जवळपास नाहीच. रात्री राहायचं तर वनविभागाच्या विश्रामगृहातल्या मोजक्या खोल्या, नाहीतर दिवसाची कँटर, म्हणजे उघडी सफारी बस. शिवाय ढिकाला १५ नोव्हेंबरला उघडतं, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतली बहुतेक सहल ते बंद असतानाच जाऊन येते.

आता चितवन. हे राष्ट्रीय उद्यान १९७३ सालचं. सौराहा गावातून नावेने राप्ती ओलांडायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या जीपमध्ये बसायचं. इथेही दोन प्रकार आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो: नदीपलीकडचं मूळ उद्यान आणि अलीकडची गावांनी सांभाळलेली सामुदायिक वनं. तुमची सफारी यातल्या कशातही असू शकते. फरक हा, की गेंडा दोन्हीकडे दिसतो. २०२१ च्या गणनेत नेपाळमधल्या ७५२ गेंड्यांपैकी ६९४ एकट्या चितवनमध्ये होते. १९६० च्या दशकात इथे ते शंभरच्या आसपास उरले होते. म्हणजे नशीब लागतं ते वाघाला, गेंड्याला फारसं नाही. टूर मॅनेजरने कुठलीही चिठ्ठी वाचली तरी रात्री जेवताना सगळ्या टेबलांवर एकच विषय असतो.

आम्हाला गेंडा दिसण्याआधी ऐकू आला. जीप थांबवून गाइडने बोट ओठांवर ठेवलं, आणि गवतातून कुणीतरी जाड कापड टराटरा फाडतंय असा आवाज येत राहिला. मग गवत हललं आणि तो बाहेर आला. पाठीवर बगळा, कातडीच्या घड्यांत वाळलेला चिखल, आणि आमच्याकडे पूर्ण दुर्लक्ष. आईला दूरचं नीट दिसत नाही. तिला दुर्बिणीशिवाय दिसलेला हा पहिला जंगली प्राणी.

महाराष्ट्रातल्या माणसाने याचा विचार वेगळा करावा असं मला वाटतं. वाघ बघायचा तर आपल्याला ताडोबा आहे, पेंच आहे. तिथल्या उघड्या रस्त्यांवर आणि पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची संधी कॉर्बेटच्या सालवनापेक्षा मला नेहमीच बरी वाटली आहे. गेंडा मात्र आपल्याकडे कुठेच नाही. त्यासाठी आसामला जा नाहीतर चितवनला. हत्तीवर बसून सफारी सौराहात अजून विकतात. ती मी घेतली नाही आणि कुणाला सुचवणारही नाही. त्यापेक्षा सकाळच्या धुक्यात राप्तीवरची लाकडी डोंगी घ्या, काठावर सुसरी-मगरी पहुडलेल्या असतात.

नेपाळची दुखरी नस म्हणजे रस्ता, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. काठमांडू–पोखरा हा पृथ्वी महामार्ग दोनशे किलोमीटरचा, पण रुंदीकरण आणि ट्रकांच्या रांगांमुळे तो दिवस खातो. त्रिशूलीच्या काठाने धूळ खात बस उभी राहते. पावसाळ्यात तर जाऊच नका. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ–मुग्लिंग रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या. कुमाऊंचे रस्ते त्या मानाने चांगले, पण वळणं इतकी की गाडी लागणाऱ्यांचे हाल होतात. आई काठगोदाम ते कौसानी आवळा सुपारी तोंडात धरून डोळे मिटून बसली होती. शिवाय भवालीच्या पुढे कैंचीधाम आश्रमाच्या गर्दीत अडकलात तर तिथेही तास जातात. नेपाळचा रस्ता कंटाळवाणा, कुमाऊंचा त्रासदायक. कंटाळ्यावर उपाय आहे: काठमांडू–पोखरा एक बाजू विमानाने करा. जेमतेम पंचवीस मिनिटं लागतात, जाताना उजवीकडची खिडकी मागा, हिमालय तुमच्या बरोबर चालतो. काही कंपन्या जादा पैसे घेऊन ही सोय करतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

नेपाळ महाग पडतं, विमानभाड्यामुळे. विमानाने जायचं तर साधारणपणे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर भागेल असं धरून चालू नका. काही सहलींत मुक्तिनाथ जोडलेलं असतं. ते ३,७०० मीटरच्या वर आहे, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो पर्याय घेऊ नये. आम्ही तो वगळला आणि ते दिवस भक्तपूरला जास्त दिले.

तेव्हा कंपनीबरोबर, घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन, एकदाच जायचं असेल, तर माझा कौल थोडा नेपाळकडे झुकतो. दिवाळीनंतर जा, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये. फेब्रुवारीपर्यंत चितवनमधलं उंच गवत कापून झालेलं असतं आणि जनावर लांबूनही दिसतं.

स्वतः आखून जाणाऱ्यांसाठी मात्र मी कुमाऊंच सांगेन. ढिकालाच्या विश्रामगृहाचं आरक्षण उघडताच करा, जागेश्वरला एक रात्र मुक्काम ठेवा, नैनिताल गाळलंत तरी चालेल. आणि कुमाऊंला कंपनीबरोबरच जायचं ठरलं, तर पैसे भरण्याआधी सफारीच्या झोनचं नाव लेखी मागून घ्या. ‘कॉर्बेट’ एवढ्यावर थांबू नका, फाटकाचं नावही विचारा. बिजरानी म्हणाले तर आमडंडा, झिरना किंवा ढेला म्हणाले तर तिथलं फाटक. सीताबनी म्हणाले तर हरकत नाही, फक्त ते आधी कळलेलं असावं.